फी 1,200 रुपये, आठवडे सहा, आणि त्यातले दोन फक्त 'पिक अप'साठी

आमच्या स्टँडवरच्या तिघांनी विचारलं, तू जातोस तो इंग्रजीचा क्लास कसा आहे, जावं का. तिघांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो.

मी पुण्यात 19 वर्षं टुरिस्ट गाडी चालवतो. आधी इंडिका होती, आता अर्टिगा आहे. शिक्षण बारावी, मराठी माध्यम, गाव बीड जिल्ह्यात. इंग्रजी बोर्ड वाचता येतात, मेसेज टाकता येतो, गेस्टशी कामापुरतं बोलता येतं. एवढ्यावर भागतं असं मला वाटायचं. मागच्या वर्षी एका वाक्याने ते खोटं पाडलं.

इंग्लंडचे एक गेस्ट चाकणच्या कंपनीत तीन आठवड्यांसाठी आले होते. एका बुधवारी कंपनीची गाडी बिघडली, म्हणून आमची गाडी गेली. माणूस गप्पिष्ट. परतताना रविवारी कार्ल्याची लेणी बघायला जायचं का, किती वाजता निघायचं, किती पैसे होतील, असं बोलणं चाललं होतं. हॉटेल आलं आणि त्यांचा फोन वाजला. उतरता उतरता ते म्हणाले, "लेट्स पिक धिस अप टुमॉरो मॉर्निंग."

मला ऐकू आलं ते एवढंच: पिक अप, टुमॉरो, मॉर्निंग. हे तीनही शब्द माझ्या धंद्यातले. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे शिर्डीची ड्यूटी होती. ती रात्रीच दुसऱ्याला देऊन टाकली आणि सकाळी 7 वाजता गाडी धुऊन, पाण्याच्या बाटल्या ठेवून हॉटेलच्या पोर्चजवळ उभा राहिलो. पावणेनऊला गेस्ट खाली आले ते कंपनीच्या गाडीसाठी. मला बघून त्यांनी काळजीने विचारलं, सगळं ठीक आहे ना? त्यांचं म्हणणं होतं की कार्ल्याचं बोलणं उद्या सकाळी पुढे चालू करू, म्हणजे फोनवर. गाडीचा विषयच नव्हता. त्यांना फार वाईट वाटलं, पैसे देऊ लागले. मी घेतले नाहीत, कारण चूक त्यांची नव्हती. शिर्डीची ड्यूटी गेली ती गेलीच.

याच्या आदल्या वर्षी मी एका मोठ्या क्लासला 6,000 रुपये भरलेले होते. एसी हॉल, भिंतीवर परदेशातले फोटो, हातात एक जाड पुस्तिका. पुस्तिकेत 500 फ्रेझल व्हर्ब, म्हणजे 'पिक अप'सारखी, मागे छोटा शब्द जोडलेली क्रियापदं, प्रत्येकापुढे एक मराठी शब्द, रोज 20 पाठ करायचे. त्यात छापलं होतं, 'पिक अप : उचलणे'. परीक्षेत मी तेच लिहिलं आणि मार्क मिळाले. उत्तर चूक नव्हतं. पण एका शब्दापुढे एकच शब्द लिहून देणं म्हणजे पुण्याचा रस्ता विचारणाऱ्याला नुसतं 'पूर्वेला' असं सांगण्यासारखं आहे. त्या पैशांचं मला अजून वाईट वाटतं.

आता या क्लासबद्दल. याला नाव नाही, पाटी नाही. हडपसर गाडीतळापासून चालत दहा मिनिटांवर पिठाची गिरणी आहे, तिच्या शेजारच्या जिन्याने दुसऱ्या मजल्यावर सरांचं घर. सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. समोरच्या खोलीत 12 प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक हिरवा फळा, कोपऱ्यात पाण्याचा माठ. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रात्री 8 ते साडेनऊ. आमच्या बॅचला दोन ड्रायव्हर, हॉस्पिटलमधल्या एक सिस्टर, ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या एक ताई, हॉटेलातला एक कॅप्टन, एक सिक्युरिटी सुपरवायझर, आणि कॉलेजची तीन मुलं.

पहिल्या दिवशी सर पुस्तक उघडत नाहीत. प्रत्येकाला विचारतात, "तुम्ही अडलात ते वाक्य कोणतं?" मी माझं सांगितलं. कुणी हसलं नाही. सरांनी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि म्हणाले, "यावर आपण दोन आठवडे काढू." मला वाटलं होतं दहा मिनिटांत होईल.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्यासाठीच मी हा क्लास सगळ्यांना सांगतो. त्यांनी इंग्रजी बाजूला ठेवलं आणि विचारलं, "मराठीत आपण काय काय उचलतो?" खोलीत एकदम गलका. ओझं उचलतो. फोन उचलतो. पोलीस माणसाला उचलतात. मामा लग्नाचा खर्च उचलतो. लहान पोरं शिव्या लगेच उचलतात. प्रश्न उचलून धरतात. दुखणं उचल खातं. कुणी म्हणालं, दुकानातून वस्तू उचलतात. फळा भरला. मग सर एकेक ओळ घेऊन सांगू लागले, इथे इंग्रजी आपल्याबरोबर चालतं, इथे वेगळी वाट धरतं.

बरोबर चालतं ते आधी. फोन उचलणं हे पिक अप, आणि तिकडे 'फोन' शब्द गाळून 'शी डिडन्ट पिक अप' एवढं म्हटलं तरी पुरतं. पोलिसांनी उचललं, तिथेही पिक अप. हॉटेलचं बिल कुणी आपल्या अंगावर घेतलं तर 'ही पिक्ड अप द बिल', अगदी आपला मामा. मुलांनी भाषा उचलली, म्हणजे शाळेत न जाता, कानावर पडून पडून आली, तेही पिक अप. मी हिंदी अशीच पिक अप केली आहे, तीही गाव सोडल्यावर, कारण आमच्या गावात हिंदी बोलणारं कुणी नव्हतं.

वाट फुटते तिथे खरं शिक्षण आहे. पार्लरच्या ताईंनी सांगितलं, एक परदेशी बाई क्रीमची डबी दाखवून म्हणाल्या होत्या, "आय पिक्ड धिस अप इन गोवा." ताईंना वाटलं होतं, बाई चोरी कबूल करतायत की काय. आपल्याकडे दुकानातून उचललं म्हणजे चोरलं. इंग्रजीत जाता जाता विकत घेतलं, सहज मिळालं म्हणून घेतलं, याला पिक अप म्हणतात. 'येताना ब्रेड घेऊन ये' हे सुद्धा 'पिक अप सम ब्रेड'. सिस्टरांचं वाक्य होतं 'ही पिक्ड अप ॲन इन्फेक्शन'. आपण म्हणतो इन्फेक्शन झालं किंवा लागलं, माणूस ते उचलत नाही. इंग्रजीत माणूस आजार कुठून तरी उचलून आणतो.

धंद्याचंही तसंच. 'बिझनेस इज पिकिंग अप' म्हणजे धंदा सुधारतोय. वारा वाढला, गाडीने वेग घेतला, तिथेही पिक अप. पण आपण महागाईने उचल खाल्ली म्हणतो, जुन्या दुखण्याने उचल खाल्ली म्हणतो. त्या दुखण्याला पिक अप लावलं तर ऐकणाऱ्याला वाटेल पेशंट बरा होतोय. सिस्टरांनी ही ओळ दोनदा लिहून घेतली.

मी सरांना एक विचारलं. आमच्या घरी 'उचल' हा शब्द सगळ्यात आधी ऐकला तो ऊसतोडीचा. आई-वडील कोयत्यावर जायचे. दिवाळीच्या आसपास कारखान्याला निघायच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची, त्यात घरचं देणं, दुखणं-बाणं भागवायचं, आणि मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडे. त्या उचलीला पिक अप म्हणतात का? सर थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "नाही. तिकडे टेक ॲन ॲडव्हान्स म्हणतील. पण त्या शब्दात तुमच्या आईचं ओझं येणार नाही. ते सांगायचं असेल तर दोन वाक्यं जास्त बोला." मग ती दोन वाक्यंही त्यांनी माझ्याकडून इंग्रजीत तयार करून घेतली. ती माझ्या वहीत आहेत.

आता माझं वाक्य. चौथ्या दिवशी सरांनी विचारलं, भजनाला कोण जातं? मी हात वर केला. आमच्या सोसायटीत एकादशीला भजन असतं, मी टाळ धरतो. सर म्हणाले, "बुवांनी चरण म्हटलं आणि सोडलं, की तुम्ही काय करता?" मी म्हणालो, आम्ही उचलतो. आणि म्हणता म्हणता मला कळलं. बुवा सोडतात तिथून आम्ही पुढे नेतो, त्यालाच आम्ही उचलणं म्हणतो. गेस्ट तेच म्हणाले होते, बोलणं इथे सोडतो, उद्या इथूनच उचलू. ज्या अर्थापायी माझी शिर्डीची ड्यूटी गेली तो अर्थ दर एकादशीला माझ्या तोंडात होता. मोठ्या क्लासच्या पुस्तिकेतही शब्द 'उचलणे' हाच छापला होता. कमी पडलं ते एवढंच, की उचलणं म्हणजे काय काय, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

व्याकरण सर वस्तू हातात घेऊन शिकवतात. टेबलावर स्टीलचा पेला ठेवला. 'पिक अप द ग्लास' म्हणा, चालतं. 'पिक द ग्लास अप' म्हणा, तेही चालतं. आता 'ग्लास'च्या जागी 'इट' घाला. 'पिक इट अप' बरोबर, 'पिक अप इट' चूक. का ते लक्षात राहायला सर म्हणाले, स्कूटरवर नवरा-बायको निघाले, मोठं माणूस कुठेही बसेल, पण तान्हं मूल मध्येच. 'इट', 'हिम', 'हर', 'देम', 'यू', 'मी' ही तान्ही मुलं, त्यांना मध्ये घ्या. त्या दिवसापासून मेसेज टाकताना 'आय विल पिक अप यू' माझ्या हातून गेलेलं नाही.

आणि आपल्या स्टँडवर सगळ्यांनी वाचावी अशी गोष्ट. आपण गेस्टला मेसेज टाकतो, 'आय विल पिक यू फ्रॉम एअरपोर्ट'. मी वर्षानुवर्षं हेच टाकत होतो. यात 'अप' नाही. नुसतं 'पिक' म्हणजे निवडणं किंवा वेचणं. परदेशी गेस्टच्या कानाला ते 'विमानतळावरून मी तुमची निवड करीन' असं लागतं. आम्ही कापसाच्या भागातले, म्हणून सरांनी मला कापसावरच सांगितलं. बोंडातला कापूस वेचणं हे पिक, आणि वेचलेलं गाठोडं डोक्यावर घेणं हे पिक अप. गेस्ट गाठोड्यासारखा घ्यायचा आहे, बोंडासारखा वेचायचा नाही. म्हणून 'आय विल पिक यू अप ॲट द एअरपोर्ट'.

तसंच 'पिकअप अँड ड्रॉप'मधला ड्रॉप. जागा सांगितली तर चालतं, 'आय विल ड्रॉप यू ॲट द हॉटेल'. जागा नसेल तर 'ऑफ' लावा, 'आय विल ड्रॉप यू ऑफ'. नुसता ड्रॉप म्हणजे हातातून पडणं. अजून एक. 'आय पिक्ड अप अ लेडी' असं कुणालाही सांगू नका. अनोळखी बाईशी ओळख काढून तिला बरोबर नेलं, असा त्याचा अर्थ निघू शकतो. 'आय पिक्ड अप माय गेस्ट' म्हणा, वाद नाही. सरांनी हे बायका-मुलींसमोर सरळ, स्वच्छ सांगितलं, आणि ते बरं केलं.

बोलण्याचा जोर कुठे द्यायचा हे पेनाने टेबलावर टकटक करून शिकवलं. काम सांगताना जोर मागे, 'पिक यू अप'मधल्या 'अप'वर. नाव म्हणून वापरताना जोर पुढे, 'पिकअप'मधल्या 'पिक'वर, आणि लिहायचं एकत्र. मालाची पिकअप गाडी, पिकअप पॉइंट, हे सगळे पुढच्या जोराचे. आपण म्हणतो ना गाडीला पिकअप नाही, चढाला दम लागतो? तो अर्थही इंग्रजी डिक्शनरीत आहे, सरांनी काढून दाखवला. फक्त आता तिकडे ॲक्सिलरेशन म्हटलेलं लवकर कळतं. कॉलेजच्या एका मुलाने गिटारच्या पिकअपचं विचारलं. लोहचुंबकावर तार हलली की तो भाग ते हलणं पकडतो. रेडिओ स्टेशन पकडतो तेही पिक अपच.

'पिक अप ऑन' म्हणजे न सांगता लक्षात येणं, आणि 'पिक अप आफ्टर' म्हणजे दुसऱ्याचा पसारा आवरत बसणं, हे दोन सरांनी भरभर उरकले.

एक दिवस सुपरवायझर वैतागून म्हणाले, एवढ्याशा शब्दाला एवढे अर्थ, हे आपल्याला येणार कधी? सरांनी सांगितलं, सॅम्युअल जॉन्सन यांची इंग्रजी डिक्शनरी 1755 साली निघाली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनीच लिहून ठेवलंय की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची जी इंग्रजीची रीत आहे, तीच परक्यांना सगळ्यात अवघड जाते. आणि मग आमच्यावरच उलटवलं. "मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला खाऊन घे, खाऊन टाक, खाऊन बसला, यांतला फरक समजावून सांगा." आम्ही बारा मिनिटं झटलो. 'जेवण खाऊन घे' यात माया आहे, 'खाऊन टाक' यात संपवायची घाई आहे, 'पैसे खाऊन बसला' यात तर जेवणच नाही. मागे लागलेलं घे, टाक, बस हे आपले 'अप' आणि 'ऑफ'. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाक. त्या रात्री घरी जाताना मला इंग्रजीची भीती वाटली नाही. आपणही रोज हेच करतो, फक्त आपल्याला ते ऐकू येत नाही.

आता उणं काय ते. वेळ ड्रायव्हर लोकांच्या सोयीची नाही. 8 म्हणजे 8, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये मगरपट्ट्यातून निघून मी चार वेळा उशिरा पोचलो, आणि गेलेला भाग सर परत घेत नाहीत. दुसऱ्याची वही मागून घ्यावी लागते. खोलीत पंखा एकच आहे, मे महिन्यात जीव नकोसा होतो. सहा आठवड्यांत मोजून पाच-सहाच फ्रेझल व्हर्ब झाले. पिक अप आणि ड्रॉप ऑफ, मग पुल ओव्हर म्हणजे गाडी कडेला घेणं, होल्ड ऑन, रन आउट, सेट ऑफ. ज्यांना परीक्षेसाठी शंभर-दोनशे पाहिजेत त्यांचं इथे काम होणार नाही, कॉलेजच्या दोन मुलांनी तिसऱ्या आठवड्यात सोडलं. सर्टिफिकेट मिळत नाही. सरांचे स्वतःचे उच्चार मराठी वळणाचे आहेत. गोऱ्या माणसाचं भरभर बोलणं ऐकायची सवय या खोलीत होत नाही, ती गाडीतच करावी लागते. बॅचला ऐकण्याचं काहीतरी ठेवा, मोबाइलवर लावा, हे मी सरांना सांगितलंय. त्यांनी मान डोलावली आहे.

तरी माझा शेरा असा की पैसे वसूल. 1,200 रुपयांत मला एक शब्द पूर्ण कळला, आणि दुसरा शब्द आला की त्याला कसं फोडायचं हे कळलं. परवा एका गेस्टने विचारलं, "डझ युअर फोन पिक अप हिअर?" ताम्हिणी घाट उतरत होतो. मी फोन उचलला नाही, बघितलं रेंज आहे का, आणि सांगितलं, "नो सर, आफ्टर द नेक्स्ट व्हिलेज." वर्षभरापूर्वी मी गाडी बाजूला घेऊन त्यांचा फोन शोधायला लागलो असतो.

जाणार असाल तर सांगतो. नवीन बॅच गणपती उठले की सुरू होते, आधी जाऊन सरांना भेटून या, फोनवर ते नाव घेत नाहीत. पैसे दोन हप्त्यांत चालतात. 200 पानी वही न्या, झेरॉक्स मिळत नाही. गाडी गिरणीसमोर लावू नका, दळण घेऊन येणाऱ्या बायकांना अडचण होते, मागच्या गल्लीत जागा असते. आणि अडलेलं वाक्य आठवून नव्हे, ऐकलं त्याच दिवशी लिहून ठेवा, जसं कानावर पडलं तसं, देवनागरीत. पुढे मराठी अर्थ लिहू नका. सर तो आधी खोडायला लावतात.